हात काळे कोण करणार?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या सत्रात झालेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)



जेवणानंतरचं सत्र मला दिलंय, यातच समितीचा माझ्यावरचा विश्वास दिसतो. बासुंदी झालीय, पंखे चालू आहेत, तेव्हा ज्यांना डुलकी येईल त्यांनी निःसंकोच घ्यावी. बाई मात्र जाग्या आहेत. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतरही त्यांच्याकडे बघून मी सदरा खाली ओढला.

विषय दिलाय तो असा: 'स्वच्छ ऊर्जेच्या नव्या कंपन्या: नेतृत्व आणि गुंतवणूकदार'. विषय भारदस्त आहे, पण तो का निवडला हे इथे सगळ्यांना माहीत आहे. आपल्याच शाळेतून दहावी झालेल्या दोन मुलांनी तालुक्यात गॅसचा प्रकल्प काढायचं ठरवलंय. साखर कारखान्याच्या प्रेसमडपासून गॅस करायचा, शुद्ध करून सिलिंडरमध्ये दाबून भरायचा आणि तेल कंपन्यांना विकायचा. त्यांना भांडवल हवंय. आपल्या ग्रुपवर गेले दोन महिने चर्चा चाललीय की माजी विद्यार्थ्यांनी मिळून काही रक्कम घालावी का. मी बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली बावीस कर्जप्रस्ताव तपासण्यात, म्हणून मला सांगितलं की तू बोल.

मी बोलणार आहे, पण आधी एक हिशेब चुकता करायचा आहे. या सभागृहात माझा एक वर्गमित्र बसलाय. कुठे बसलाय ते सांगत नाही. एसटीच्या कार्यशाळेत त्याने नोकरी केली, इंजिन विभागात. २०१९ साली निवृत्त झाला. त्या दिवाळीत मी त्याला एका नव्या कंपनीबद्दल सांगितलं. शेतातला टाकाऊ माल, म्हणजे पाचट, पऱ्हाट्या, सोयाबीनचा भुसा, दाबून त्याच्या कांड्या करायच्या आणि कोळशाऐवजी कारखान्यांच्या बॉयलरला पुरवायच्या. मी स्वतः आठ लाख घातले होते. त्याला म्हटलं, तूही घाल. त्याने चार घातले. ग्रॅच्युइटीतले.

कंपनी बुडाली. नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण दोष कंपनीचा होता तितकाच माझा होता. या मित्राने त्यानंतर एकदाही विषय काढला नाही. एकदाही नाही. लग्नाकार्यात भेटतो, चहा पाजतो, आणि तो विषय काढत नाही. त्याचा त्रास मला जास्त होतो. काल रात्री त्याला विचारलं, उद्या हे स्टेजवरून सांगू का? तो म्हणाला, नाव नको घेऊ, बाकी सांग.

तर सांगतो.

मी पैसे का घातले? बँकेच्या कर्जप्रस्तावात सुरुवातीलाच एक रकाना असतो: प्रवर्तकांची पार्श्वभूमी. शिक्षण काय, अनुभव किती, आधीचे धंदे कोणते, मालमत्ता किती. असे हजारो रकाने मी भरलेत आणि तपासलेत. त्या कंपनीची पुस्तिका हातात आली, तेव्हा 'आमचा चमू' हे पान बघून मी हुरळून गेलो. संस्थापक परदेशी विद्यापीठातून व्यवस्थापन शिकलेला. संचालक मंडळावर एक निवृत्त मोठे अधिकारी. एक बहुराष्ट्रीय कंपनीचे माजी विक्रीप्रमुख. पैसे घालणाऱ्यांत एक परदेशी फंड. सगळ्यांचे फोटो एकाच रंगाच्या पार्श्वभूमीवर, हाताची घडी घालून. मी मनात म्हटलं, रकाना भरला.

माझ्या मित्राला ते पान दाखवलं. त्याने चष्मा लावून सावकाश वाचलं आणि एकच प्रश्न विचारला. "मशीन बंद पडलं तर यातला हात काळे कोण करणार?"

मी काय उत्तर दिलं असेल? म्हटलं, "अरे, ती माणसं पगारावर मिळतात."

मिळत नाहीत. म्हणजे मिळतात, पण जिथे निर्णय होतात तिथे ती बसलेली नसतात. पाचटाबरोबर माती येते, वाळू येते. त्या वाळूने मशीनची डाय झिजते. माल ओला असला तर कांडी धरत नाही, सुटते. पहिल्याच पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेली गंजी कुजली. हे कुणालाही ठाऊक नव्हतं असं नाही, यंत्रावरच्या फिटरला ठाऊक होतं. पण संचालकांच्या बैठकीत दुसऱ्या राज्यात शाखा कधी काढायची यावर चर्चा चालायची. डायचा खर्च कागदावर धरला होता त्याच्या कितीतरी पट झाला आणि पुढच्या पैशांच्या वेळी फंडाने हात आखडता घेतला. गोष्ट संपली.

आता तुम्ही म्हणाल, ही आपल्याकडची छोटी कंपनी, असं होतंच. म्हणून जगातल्या फार मोठ्या कंपनीची गोष्ट सांगतो. पैसे बुडाल्यावर मी या विषयाचं वाचन सुरू केलं, अपचन झाल्यावर माणूस पथ्याचं पुस्तक वाचतो तसं. त्यात सगळ्यात जास्त शिकवलं ते इस्रायलच्या 'बेटर प्लेस' कंपनीने.

शाय अगासी हे तिचे संस्थापक. सॉफ्टवेअरमधला अतिशय हुशार माणूस. त्यांची 'टॉपटियर' ही कंपनी २००१ मध्ये जर्मनीच्या 'सॅप'ने ४० कोटी डॉलरला विकत घेतली. सॅपच्या कार्यकारी मंडळावर ते पोचले, पुढचे प्रमुख म्हणून त्यांचं नाव घेतलं जाई. २००७ मध्ये त्यांनी सॅप सोडली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ही कंपनी जाहीर केली. कल्पना अशी: विजेची गाडी लोक घेत नाहीत, कारण बॅटरी महाग आणि चार्ज व्हायला तास लागतात. मग बॅटरी गाडीवाल्याला विकायचीच नाही. ती कंपनीची. गाडी स्टेशनवर न्यायची, यंत्रमानव खालून रिकामी बॅटरी काढणार, भरलेली बसवणार, पाच मिनिटांत गाडी बाहेर. मोबाइलसारखे किलोमीटरचे पैसे भरायचे. ऐकायला किती सुंदर! मलाही आवडली असती.

पैसे कुणी घातले? इस्रायल कॉर्पोरेशनचे इदान ओफर, तेच अध्यक्षही झाले. यांच्या उद्योगसमूहात जहाजं, रसायनं आणि चक्क तेलशुद्धीकरण. मॉर्गन स्टॅन्ले आली, व्हँटेजपॉइंट हा भांडवल फंड आला. २०१० मध्ये एचएसबीसी बँक आली आणि त्या फेरीत कंपनीची किंमत सव्वाशे कोटी डॉलर धरली गेली. पुढे जनरल इलेक्ट्रिकही आली. शिमॉन पेरेस यांचा पाठिंबा, रेनॉचे प्रमुख कार्लोस घोन यांच्याशी करार. सगळे मिळून ८५ कोटी डॉलरच्या आसपास जमा झाले. बँकेतल्या माझ्यासारख्याने हा रकाना बघितला असता तर लाल पेनचं टोपणसुद्धा काढलं नसतं.

मे २०१३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. तोपर्यंत रस्त्यावर दीड हजारसुद्धा गाड्या नव्हत्या. नंतर मालमत्ता गेली ती कवडीमोलाने.

काय चुकलं यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला दिसलेलं सांगतो. अगासींचा आधीचा अनुभव खोटा नव्हता, तो खराच होता, पण वेगळ्या धंद्याचा होता. सॉफ्टवेअरमध्ये पहिली प्रत करायला खर्च येतो, दुसरी जवळजवळ फुकट. बॅटरी बदलायच्या स्टेशनचं तसं नाही. दुसरं स्टेशन बांधायला पुन्हा तेवढंच सिमेंट, तेवढंच लोखंड, तेवढेच परवाने. शिवाय गाडीच्या पोटात बसणारी ती अडीचशे किलोची बॅटरी प्रत्येक मोटार कंपनीने एकाच मापाची करायला हवी होती. कोण करणार? बॅटरी म्हणजेच गाडी, ती दुसऱ्याच्या हातात कोण देईल? शेवटपर्यंत रेनॉचं एकच मॉडेल मिळालं. मोटार कारखान्यात हयात काढलेला एखादा माणूस पहिल्या दिवशी बैठकीत असता, तर तो म्हणाला असता, साहेब, दोन कंपन्या एक नटबोल्टसुद्धा एकत्र ठरवत नाहीत.

आणि गुंतवणूकदारांचं काय? त्यांनी प्रश्न विचारले नसतील असं नाही. पण एकाच्या मोठ्या नावाकडे बघून दुसरा येतो, दुसऱ्याकडे बघून तिसरा. मी परदेशी फंडाकडे बघून गेलो, माझा मित्र माझ्याकडे बघून आला. रक्कम लहान, साखळी तीच. ऑक्टोबर २०१२ मध्ये अगासींना प्रमुखपदावरून बाजूला केलं, त्यानंतर आठ महिन्यांत कंपनीच संपली.

आता इथे थांबून "बघा, धंद्यातला अनुभवी माणूस घ्या की झालं" असं म्हणता आलं असतं. तसं सोपं नाही. कॅलिफोर्नियाची 'सोलिंड्रा' आठवतेय? संस्थापक ख्रिस ग्रोनेट. स्टॅनफर्डची डॉक्टरेट आणि 'अप्लाइड मटेरियल्स'मध्ये वरिष्ठ पदावरचं काम. म्हणजे पातळ थर चढवायची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीतला माणूस पातळ थराची सौरपटलं बनवायला निघाला. याहून नेमकी पार्श्वभूमी कुठली हवी? खाजगी भांडवल शंभर कोटी डॉलरच्या घरात आणि अमेरिकन सरकारने हमी दिलेलं ५३.५ कोटी डॉलरचं कर्ज. २०११ मध्ये तीही बुडाली. सौरपटलांचा कच्चा माल असलेलं पॉलिसिलिकॉन २००८ मध्ये फार महाग होतं, म्हणून सिलिकॉन न वापरणाऱ्या यांच्या काचेच्या नळ्या स्वस्त पडतील असा हिशेब होता. सिलिकॉनचे भाव कोसळले, चिनी पटलं स्वस्त झाली, हिशेब उलटला. माणसं योग्य होती, बाजार फिरला. तेव्हा पार्श्वभूमी बघून धोका टळतो असं मी तुम्हाला सांगणार नाही. एक प्रकारचा धोका कमी होतो, इतकंच.

नेतृत्वाबद्दल इतकं पुरे. पैसा कुठल्या स्वभावाचा आहे, याबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण ग्रुपवर याबद्दल कुणीच बोललेलं नाही.

व्हेंचर कॅपिटल म्हणतात त्या फंडाचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं असतं. फंडवाल्यानेही कुणाकडून तरी पैसे घेतलेले असतात, पेन्शन फंडाकडून, विद्यापीठांकडून, आणि दहा वर्षांत ते वाढवून परत करायचे असतात. म्हणजे तुमच्या कंपनीत त्याने तिसऱ्या वर्षी पैसे घातले तर सातव्या-आठव्या वर्षी त्याला बाहेर पडायचं असतं. मोबाइलवरच्या अॅपला हे चालतं. बॅटरीच्या रसायनाला, गॅसच्या टाकीला, नव्या पदार्थाच्या कारखान्याला चालत नाही. तिथे प्रयोगशाळेतून कारखान्यापर्यंत यायलाच दहा वर्षं जातात. एमआयटीच्या अभ्यासकांनी २०१६ मध्ये याचा हिशेब मांडला. २००६ ते २०११ या काळात अशा फंडांनी स्वच्छ तंत्रज्ञानाच्या कंपन्यांत २५०० कोटी डॉलरहून जास्त घातले आणि त्यातले निम्म्याहून अधिक गमावले. पैसा लबाड नव्हता, त्याला फक्त घाई होती.

उलट उदाहरण 'ब्लूम एनर्जी'चं. संस्थापक के. आर. श्रीधर, तिरुचिरापल्लीच्या आरईसीमधून यांत्रिकी शिकलेले. पुढे अमेरिकेत प्राध्यापक. नासासाठी मंगळावर ऑक्सिजन तयार करायच्या उपकरणावर काम केलं, आणि तेच तंत्र उलटं फिरवून वीज निर्माण करणारा इंधनघट काढला. कंपनी २००१ ची. भांडवल बाजारात उतरली २०१८ मध्ये. मधली सतरा वर्षं! क्लायनर पर्किन्सच्या जॉन डोअर यांनी सुरुवातीला पैसे घातले आणि ते सोबत राहिले. यांच्याही संचालक मंडळावर मोठं नाव होतं, जनरल कॉलिन पॉवेल. पण कंपनी टिकली ती पॉवेल यांच्यामुळे नव्हे. शोध स्वतःच्या हाताने केलेला माणूस प्रमुखपदी होता आणि पैसेवाल्यांना वाट बघायची तयारी होती. मोठं नाव दार उघडून देतं, आत गेल्यावर काम वेगळंच असतं.

टेस्लाचंही असंच. आपण मस्क यांचं नाव घेतो, पण २००९ मध्ये कंपनी फार अडचणीत असताना डाइम्लरने पाच कोटी डॉलर घालून जवळजवळ दहा टक्के हिस्सा घेतला. म्हणजे शंभर वर्षं गाड्या बनवणाऱ्यांनी. पुढच्या वर्षी टोयोटाने पैसे घातले, त्यांचा बंद पडलेला कारखाना मिळाला आणि टोयोटात कारखाने चालवलेला माणूस उत्पादनप्रमुख म्हणून आला. या पैशाबरोबर हात काळे केलेली माणसं आली. माझ्या मित्राला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग? मी काय वेगळं बोललो होतो?"

आणखी एक, शेजारच्या कर्नाटकातलं. हरीश हांडे, आयआयटी खरगपूर, नंतर अमेरिकेत डॉक्टरेट. १९९५ मध्ये बंगळूरला 'सेल्को' काढली, गरिबांच्या घरात सौरदिवे लावायला. २०११ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला, तो तुम्ही वाचला असेल. मधला काळ कमी लोकांना ठाऊक आहे. २००५ च्या सुमारास कंपनी झपाट्याने वाढवायच्या नादात अडचणीत आली. त्यातच जर्मनीतली मागणी वाढल्याने पटलं महागली. त्यातून बाहेर पडताना त्यांनी गुंतवणूकदारच बदलले. लेमेलसन फाउंडेशन, गुड एनर्जीज, ई प्लस को यांसारखे, सावकाश आणि थोडक्या परताव्यावर थांबायला तयार असलेले. माणूस तोच, दिवा तोच, गिऱ्हाईक तेच. पैशाचा स्वभाव बदलला आणि कंपनी उभी राहिली. बँकेत असताना मी प्रवर्तकांची पार्श्वभूमी हजारदा तपासली, पण पैसेवाल्याची पार्श्वभूमी कधी तपासली नाही. कारण तेव्हा पैसेवाले आम्हीच होतो!

(हशा)

बरं, आता आपल्या दोन मुलांकडे येऊ. ती दोघं मागे उभी आहेत, बसा रे. नाव घेत नाही, अजून तुमच्यावर तसा शिक्का नको.

त्यांनी मला बावीस पानांची सादरीकरणाची फाइल पाठवली. पहिल्या तीन पानांवर सल्लागार. एक निवृत्त अधिकारी, एक परदेशातले प्राध्यापक, एक पुण्याचे मोठे सनदी लेखापाल. हाताची घडी, एकाच रंगाची पार्श्वभूमी. माझ्या पोटात गोळा आला. पुन्हा तेच पान!

मग पान अकरा आलं. बारीक अक्षरात दोन ओळी. मुलगी रासायनिक अभियंता, सहा वर्षं एका डिस्टिलरीच्या सांडपाणी विभागात, म्हणजे स्पेंटवॉशपासून बायोगॅस करणाऱ्या टाकीवर पाळीला. मुलाच्या घरी ऊसवाहतुकीचा धंदा, पंचवीस वर्षांचा, स्वतःच्या आठ ट्रॅक्टर-ट्रॉल्या. मी फोन केला आणि म्हटलं, बाळांनो, ही दोन वाक्यं लपवलीत का? मुलगी म्हणाली, "सर, ते भारी वाटत नाही ना."

मी म्हटलं, पान अकरा उचला आणि पहिल्या पानावर टाका. कारण या धंद्यात अवघड काय आहे? साधारण एक टन गॅसला पंचवीस टन प्रेसमड लागतं. ते हंगामातच मिळतं, ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च, फार तर एप्रिल. वर्षभर प्रकल्प चालवायचा तर साठवायचं, आणि साठवलं की त्यातला जीव कमी होत जातो, गॅस कमी निघतो. त्यात गंधक असतं, ते नीट काढलं नाही तर यंत्रं खातं. जिवाणूंची टाकी एकदा बिघडली की जाग्यावर यायला महिने लागतात. हे सगळं पाळीवर उभं राहिलेल्या माणसालाच कळतं. आणि पंचवीस टन माल रोज आणायचा कुणी? ज्याच्या ट्रॉल्या आहेत त्याने. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये 'सतत' योजना आणली, पाच हजार प्रकल्पांचं लक्ष्य ठेवलं. उभे राहिले ते त्यातले अगदी थोडे. जे अडकले त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं घोडं इथेच अडलंय, कच्च्या मालावर. मागणी दिसली की कारखाने प्रेसमडचा भाव वाढवतात, हेही तुम्हाला माहीत आहे. संचालक इथेच बसलेत दोघे. रागावू नका.

म्हणजे नेतृत्वाचा रकाना मला बरा वाटतो. पैशाच्या रकान्याबद्दल मी साशंक आहे. एका फंडाने त्यांना पत्र दिलंय. त्यात अटी आहेत: दोन वर्षांत तीन प्रकल्प, पाच वर्षांत फंडाला बाहेर पडायची सोय. पहिल्या टाकीने अजून एक हंगाम पाहिला नाही आणि तीन प्रकल्प! मुलं म्हणतात, काका, इतका पैसा दुसरं कोण देणार? प्रश्न खरा आहे. माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. बँकेचं मुदतकर्ज थोडं मिळेल, घरचं थोडं आहे. उरलेल्या फटीत आपण बसतो का, हा आजचा प्रश्न आहे.

बसायचं असेल तर दोन गोष्टी कायद्याच्या. ग्रुपवर कुणीतरी उत्साहाने खात्याचा नंबर टाकला होता, तो मी काढायला लावला. खाजगी कंपनीला असं जाहीर आवाहन करून भागभांडवल गोळा करता येत नाही. ठरावीक माणसांना नावानिशी प्रस्ताव द्यावा लागतो, आणि तोही एका आर्थिक वर्षात दोनशेपेक्षा जास्त जणांना नाही. दुसरं, कुठल्याही कंपनीचे संचालक कोण, ते आणखी कुठल्या कंपन्यांत आहेत, कंपनीवर कुणाचा बोजा आहे, हे सगळं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरून बघता येतं. माझ्या त्या बुडालेल्या कंपनीचं मी हे बुडाल्यानंतर बघितलं. सल्लागार म्हणून झळकलेल्या एका गृहस्थांच्या नावावर आणखी नऊ कंपन्या निघाल्या, त्यांतल्या चार बंद. शंभर रुपये! आठ लाख वाचले असते. आणि चार लाख.

मला कुणीतरी चिठ्ठी पाठवलीय: "तुम्ही स्वतः घालणार का?" सांगतो. घालीन, पण हातातून गेले तरी चालतील इतकेच, आणि दहा वर्षं मागणार नाही असं लिहून देऊन. मात्र या वेळी कुणालाही "तूही घाल" म्हणणार नाही. घरी विचारा, बायकोला विचारा, मुलांना विचारा. तुमच्या औषधपाण्याचा पैसा असेल तर नको. ही दोन मुलं गोड आहेत, आपल्या शाळेची आहेत, बाईंच्या हाताखालची आहेत, हे पैसे घालायचं कारण नाही. तसं असतं तर माझ्या मित्राचे चार लाख आज दुप्पट झाले असते, कारण मीही याच शाळेचा होतो.

मुलांनाही एक अट घातलीय. संचालक मंडळावर तीन सल्लागारांपैकी कुणालाही घ्या, पण एक खुर्ची अशा माणसाला द्या ज्याने पाना धरलाय आणि जो तुमचं ऐकून गप्प बसणार नाही. ती मुलं परवा माझ्या मित्राकडे गेली होती. मला न सांगता. त्याने त्यांना तासभर बाहेर ओट्यावर बसवलं आणि पंपाच्या सीलबद्दल प्रश्न विचारले. मुलगी सगळ्यांची उत्तरं देऊ शकली नाही, पण वहीत लिहून घेत होती, असं तो म्हणाला. मग त्याने तिला चहा दिला. खुर्चीबद्दल हो म्हणालेला नाही. "आधी जागा बघतो" म्हणालाय.

तर उद्या सकाळी नऊ वाजता शाळेच्या फाटकापासून गाडी निघेल. शेजारच्या तालुक्यात असाच एक प्रकल्प दोन हंगाम चालू आहे, त्यांनी बघायला परवानगी दिलीय. बोलेरोत सात माणसं बसतात, गाडी माझा मित्र चालवणार, म्हणजे जागा सहाच. दुसरी गाडी कुणाची असेल तर आत्ता चहाच्या वेळी सांगा. आणि मेळाव्यासाठी घेतलेले नवे बूट घालून येऊ नका. प्रेसमडचा वास आठवडाभर जात नाही.

चहा तयार आहे असं खूण करतायत.